स्मृती वाढविली म्हणजे वेग वाढतो काय?

(महादेवपुरा, बेंगळूरु येथील मराठी वाचकांच्या बैठकीत अनुवादिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय मी निवडलेला नाही. तो आपल्या अभ्यासिकेच्या हिशेबवहीतून आला आहे. आपल्या वसाहतीच्या फाटकालगतच्या खोलीत सहा जुने संगणक आहेत, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. ह्या भागातील पहारेकऱ्यांची, स्वयंपाकिणींची आणि बांधकामावरील गवंड्यांची मुले संध्याकाळी तेथे येतात. कोणी कन्नड बोलते, कोणी तेलुगू, कोणी ओडिया. दोन-तीन घरे मराठीही आहेत. मागील वर्षी त्यांतील एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास बसली. मुदतीचा शेवटचा दिवस होता. आई कामावरून परतल्यावर कागदपत्रे हाती आली, म्हणून उशीर झालेला. अर्जाचे पान उघडावयास सात-आठ मिनिटे, छायाचित्र चढवावयास त्याहून अधिक, आणि पडद्यावर ते फिरते वर्तुळ. मध्यरात्र उलटली आणि अर्ज राहिला. तिने तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे आली आणि त्याच यंत्रापुढे बसली. तिच्या त्या बसण्यामुळेच आपण वर्गणी गोळा केली, असे मला वाटते.

आता रक्कम जमली आहे आणि बैठकीत सूचना आली आहे, की सर्व सहा यंत्रांची ‘मेमरी’ वाढवावी. संगणकाविषयीच्या एका पुस्तकाचा अनुवाद मी केला असल्यामुळे मला दोन शब्द बोलावयास सांगण्यात आले. मी अभियंता नाही. माझी पदव्युत्तर पदवी मराठी विषयाची आहे, आणि यंत्रांशी माझा परिचय शब्दांच्या वाटेने झाला. त्याच वाटेने आपणांस नेण्याची अनुज्ञा असावी. कारण ह्या प्रश्नातला निम्मा घोटाळा शब्दाचाच आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

दूरध्वनीवर छायाचित्रे मावेनाशी झाली म्हणजे आपण म्हणतो, ‘मेमरी भरली’. संगणक मंद झाला म्हणजे दुकानदार म्हणतो, ‘मेमरी वाढवा’. शब्द एकच, वस्तू मात्र दोन. पहिली आहे साठवण: तबकडी किंवा तिच्या जागी आलेली एसएसडी. वीज गेली तरी तिच्यातील अक्षर हलत नाही. दुसरी आहे ती कार्यस्मृती, जिला रॅम म्हणतात. यंत्र ज्या क्षणी जे काम करीत असेल त्यापुरताच मजकूर ती धरून ठेवते, आणि वीज जाताच तिला काहीही आठवत नाही. अशा विस्मरणशील वस्तूला ‘स्मृती’ हे नाव देताना अनुवादकाचा हात क्षणभर थबकतो. पहिल्या खर्ड्यात मी दोन्ही ठिकाणी ‘स्मृती’ असेच लिहून गेले होते. मुद्रिते तपासताना एक वाक्य असे आले, की ‘स्मृती भरलेली असली तरी स्मृती रिकामी असू शकते’, आणि तेव्हा कोठे माझे डोळे उघडले.

माझ्या मते ह्या वस्तूला आपल्या भाषेत एक फार जुना शब्द उपलब्ध होता: धूळपाटी. पूर्वी मुले फळीवर धूळ पसरून तीत बोटाने अक्षरे काढीत, गणिते करीत, आणि हात फिरवून पुसून टाकीत. जपून ठेवावयाचे ते वहीत उतरावयाचे. पाटी केवळ हातातल्या कामासाठी. रॅम ही संगणकाची धूळपाटी होय आणि तबकडी ही त्याची वही. पारिभाषिक शब्द म्हणून मी तो वापरू शकले नाही, कारण पुस्तकात ‘स्मृती’ आधीच रूढ झाली होती. पण मनात मात्र मी तो सर्वत्र वाचला. आपणही आज तसेच करावे. मग प्रश्न असा होतो: पाटी मोठी केली, तर गणित लवकर सुटेल काय?

सारे गणित एका पाटीवर मावत नसेल, तर निश्चित सुटेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशातील एक आद्य संगणक बांधला गेला. तो १९६० साली कार्यान्वित झाला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याची धूळपाटी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तिच्यात प्रत्येकी ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबाने ही स्मृती दहा किलोबाइटच्या आसपास भरते. आपण वर्गणीतून घेऊ म्हणतो ती आठ जीबीची एक पट्टी तिच्या आठ लाख पटींहून अधिक मोठी आहे. अशा लहानशा पाटीवर मोठी गणिते मांडणाऱ्यांना ती तुकड्यातुकड्यांनी सोडविण्याखेरीज गत्यंतर नव्हते. कोणता तुकडा केव्हा आत घ्यावयाचा, कोणता बाहेर ठेवावयाचा, ह्याची आखणी कार्यक्रम लिहिणाऱ्याने स्वतः करावयाची. त्यांना जर कोणी विचारले असते, की स्मृती वाढविल्याने काम लवकर होईल काय, तर त्यांनी प्रश्नकर्त्याकडे आश्चर्याने पाहिले असते.

ह्या आखणीचा भार माणसावरून काढून यंत्रावर टाकण्याचे काम इंग्लंडात, मँचेस्टर येथे, टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९६२ साली सुरू झालेल्या ‘ॲटलस’ ह्या संगणकाने लहान पण शीघ्र अशी स्मृती आणि मोठे पण मंद असे फिरते चुंबकी पिंप ह्या दोहोंचा असा मेळ घातला, की कार्यक्रम लिहिणाऱ्याला सारी जागा एकच आणि प्रशस्त वाटावी. पानांचे आतबाहेर यंत्र स्वतःच करी. आपल्या अभ्यासिकेतील यंत्रेही हेच करतात. पाटी भरली तरी यंत्र ‘जागा नाही’ असे म्हणून थांबत नाही. ते पाटीवरील एखादा मजकूर तबकडीवर उतरवून ठेवते, तेथे नवा घेते, आणि जुन्याची गरज पडली की पुन्हा तबकडीकडे धावते. ही सोय मोठीच आहे. परंतु तिची किंमत आपल्या डोळ्यांआड आकारली जाते.

ती किंमत किती, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करू. मुख्य स्मृतीतून एक आकडा आणावयास ढोबळमानाने सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. एसएसडीकडून तो आणावयास सेकंदाचा दहा हजारावा भाग, आणि फिरत्या तबकडीकडून आणावयास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. तिन्ही काळ आपल्याला ‘क्षणभर’ असेच भासतात. म्हणून सर्वांना एक कोटीने गुणू. स्मृतीचे काम एका सेकंदात होते. एसएसडीकडे गेलेला निरोप्या सुमारे सतरा मिनिटांनी परततो. तबकडीकडे गेलेला निरोप्या मात्र उद्या ह्याच वेळी, किंबहुना त्याहून चार तास उशिरा येतो. गणित करणारा प्रोसेसर तोवर हात जोडून बसलेला असतो. यंत्र ‘मंद’ असते ते पुष्कळदा अशा अर्थाने: ते हळू विचार करीत नसते, ते वाट पाहत असते.

यंत्राला वाट पाहावयास लावणारी एक अवस्था १९६८ साली पीटर डेनिंग यांनी नीट उकलून दाखविली. एका वेळी अनेक कामे चालू असतात, आणि प्रत्येकाला जी पाने हाताशी लागतात त्यांची बेरीज पाटीपेक्षा मोठी होते. मग एका कामासाठी पान आत घ्यावे तर दुसऱ्याचे बाहेर जाते, दुसऱ्याने ते परत मागावे तर तिसऱ्याचे जाते. यंत्राचा सारा वेळ ने-आण करण्यात जातो आणि काम जवळजवळ थांबते. ह्या अवस्थेला इंग्रजीत ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. ‘मळणी’ हा शब्द तिला लागू पडेना, कारण मळणीत शेवटी धान्य तरी हाती येते. बराच विचार करून मी ‘तारांबळ’ हा शब्द योजला. मंगलाष्टकांच्या अखेरीस भटजींच्या मुखी ‘ताराबलं’ येते आणि मांडवात एकच धावपळ उडते, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. पाहुणे सगळे धावत असतात, पण त्या क्षणी कोणाचेच काम होत नसते. माझ्या संपादकांनी शब्द मान्य केला. पुस्तकातील माझ्या मोजक्या समाधानांपैकी हे एक.

तारांबळ उडालेल्या यंत्राची स्मृती वाढविणे हाच उपाय होय, आणि त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. परंतु डेनिंग यांच्याच विवेचनातून दुसरीही गोष्ट निघते. प्रत्येक कामाला ठराविक वेळात खरोखर लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. तो पाटीवर बसेपर्यंत वाढविलेली प्रत्येक इंच जागा कामी येते. तो एकदा बसला, की त्यापुढे पाटी दुप्पट केली काय किंवा चौपट केली काय, वेगात फारसा फरक पडत नाही. उरलेली जागा अगदीच वाया जाते असे नाही. पूर्वी वाचलेल्या फाइली यंत्र तेथे धरून ठेवते आणि दुसऱ्या वेळी त्या लवकर उघडतात. पण दुकानात आपल्याला ज्याचे आश्वासन मिळते, ते हे नव्हे.

येथे एक विचित्र गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही, जरी अभ्यासिकेच्या खरेदीशी तिचा संबंध दूरचा आहे. पाटी मोठी केल्याने काम कधी वाढू शकेल काय? १९६९ साली लास्लो बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की होय, तसेही होऊ शकते. उदाहरण माझ्याच मेजावरचे घेते. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड माझ्या आतल्या खोलीत आहेत. समजा, त्यांपैकी पाच खंड मला ह्या क्रमाने लागले: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. मेजावर तीनच खंड मावतात, आणि माझा नियम असा, की नव्याला जागा हवी झाली की जो सर्वांत आधी आणला तो परत न्यावयाचा. अशा वेळी मला आतल्या खोलीत नऊ फेऱ्या पडतात. आता मेज मोठे केले आणि चार खंड मावू लागले. नियम तोच. फेऱ्या पडतात दहा! घरी गेल्यावर पाच वह्या घेऊन करून पाहावे. मी तीनदा केले तेव्हा विश्वास बसला. नियम बदलून, जो खंड सर्वांत अधिक काळ न उघडता पडला आहे तो परत न्यावा असे ठरविले, तर तीन खंडांच्या मेजावर दहा फेऱ्या होतात आणि चार खंडांच्या मेजावर आठ. ह्या दुसऱ्या नियमात मेज वाढवून फेऱ्या कधीही वाढत नाहीत. आजची यंत्रे ह्या दुसऱ्याच्या जवळपास जाणारे नियम पाळतात, म्हणून नवी पट्टी घातल्याने नुकसान होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तथापि जागा जितकी महत्त्वाची, तितकीच ती वापरण्याची रीतही महत्त्वाची, एवढे ह्या उदाहरणावरून ध्यानात यावे.

माझा स्वतःचा अनुभव मात्र इतका विद्वत्तापूर्ण नाही. तीन वर्षांपूर्वी माझा संगणक जुन्या पुस्तकांच्या छायाप्रती उघडताना अडखळू लागला. एका दुकानात गेले. विक्रेत्याने यंत्र चालू करूनही न पाहता आणखी आठ जीबी घालावयास सांगितले. मी घातली. घरी आल्यावर दोन दिवस मला ते यंत्र शीघ्र वाटले. पैसे मोजल्यावर तसे वाटतेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या एका तरुण अभियंत्याने पाच मिनिटांत दाखविले, की माझी पहिली स्मृतीच अर्ध्याहून अधिक रिकामी असे. सारा वेळ जाई तो जुन्या फिरत्या तबकडीची वाट पाहण्यात. तबकडी काढून तिच्या जागी एसएसडी बसविली, आणि तेच यंत्र मी आजतागायत वापरीत आहे. जास्तीची पट्टी आतच आहे. तिला पाहिले की मला आमच्या आजीच्या घरातील तो मोठा हंडा आठवतो, जो लग्नकार्य निघेल म्हणून घेतला होता आणि ज्यात पुढे चाळीस वर्षे जुनी वर्तमानपत्रे राहिली.

आपण महादेवपुऱ्याचे रहिवासी आहोत, म्हणून ह्याच भागातील एक दाखला देते. बेंगळूरुची तळी एकेकटी नव्हती. एकाचे पाणी भरून दुसऱ्यात उतरावे अशी त्यांची साखळी होती, आणि त्यांना जोडणाऱ्या कालव्यांना येथे राजकालुवे म्हणतात. आपल्या दक्षिणेस बेळ्ळंदूरच्या तळ्याचे पाणी वर्तूरच्या तळ्यात उतरते आणि पुढे दक्षिण पिनाकिनीकडे जाते. २०२२ च्या सप्टेंबरात ह्या भागात पाणी घरांत शिरले, लोकांना ट्रॅक्टरमधून आणि होड्यांतून बाहेर काढावे लागले, ते आपणांपैकी पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. तेव्हा चर्चा तळ्यांच्या क्षमतेची झाली, आणि ती योग्यच होती. पण मधला कालवा जेथे बुजला, जेथे त्यावर बांधकाम चढले, तेथे वरचे तळे कितीही खोल करून काय उपयोग? पाणी सर्वांत अरुंद जागेच्या मापाने वाहते. संगणकातही प्रोसेसर, स्मृती, तबकडी आणि बाहेरचे जाळे अशी साखळी आहे. तिच्यातील कोणती जागा अरुंद आहे हे शोधण्याआधी तळे खोल करावयास घेणे हा उलटा क्रम होय.

ह्याचे अंकगणितही सोपे आहे. समजा, एखाद्या कामाला शंभर सेकंद लागतात, आणि त्यांतील दहा सेकंद स्मृतीच्या अपुरेपणामुळे जातात. आपण स्मृती अनंत केली तरी काम नव्वद सेकंदांच्या खाली येणार नाही. उलट त्या शंभरांतील ऐंशी सेकंद तारांबळीचे असतील, तर एक पट्टी चमत्कार करून दाखवील. म्हणूनच ‘मेमरी घातली आणि यंत्र नवे झाले’ असे सांगणारा आणि ‘काही उपयोग झाला नाही’ असे सांगणारा, दोघेही खरे बोलत असतात. दोघांची यंत्रे वेगवेगळ्या कारणांनी थांबलेली होती, इतकेच.

आता आपल्या सहा यंत्रांविषयी. गेल्या आठवड्यात त्याच तरुण मित्राला घेऊन मी अभ्यासिकेत दोन संध्याकाळ बसले. मुले जे करतात तेच आम्ही केले: अर्जाचे पान उघडले, एक पाठ्यपुस्तक उघडले, एक चित्रफीत लावली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकत्र दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर नावाचा तक्ता येतो. त्यात स्मृती किती भरली आणि तबकडी किती गुंतली हे दिसते. हा तक्ता काम चालू असताना पाहावा. यंत्र स्वस्थ बसलेले असताना पाहिल्यास तो काहीच सांगत नाही.

पहिल्या दोन यंत्रांत चार-चार जीबी स्मृती आहे. तिन्ही कामे उघडताच ती काठोकाठ भरली आणि लगोलग तबकडीची धावपळ सुरू झाली. एक पान बंद केले की ती शांत होई. ही तारांबळ होय, आणि येथे स्मृती वाढविणे सार्थ आहे. पुढील तीन यंत्रांत आठ जीबी आहे. त्यांतील निम्मी स्मृती रिकामी असतानाच तबकडी शंभर टक्के गुंतलेली होती. ही जुनी फिरती तबकडी आहे. ती बदलावयास हवी. सहाव्या यंत्राची कथा निराळी. त्यात आठ जीबी बसविलेली आहे, परंतु त्यावरील प्रणाली बत्तीस बिटांची असल्यामुळे तिला चार जीबीपलीकडचे दिसतच नाही. तेथे आणखी पट्टी घालणे म्हणजे बंद खोलीत पाहुण्यांसाठी गाद्या घालण्यासारखे झाले असते. शिवाय त्याचे झाकण उघडले तेव्हा पंख्यावर धुळीचा थर आढळला. आपल्या भोवती बारा महिने बांधकामे चालू असतात, त्यांचीच ती धूळ. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. ब्रश आणि हवेचा झोत ह्यांनी आम्ही पंखा साफ केला. त्याला खर्च आला नाही. मला मात्र शिंका फार आल्या.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम तपासली. ती मुलगी त्या रात्री ज्या यंत्रापुढे बसली होती, ते चौथे यंत्र. म्हणजे स्मृती निम्मी रिकामी असलेल्या तिघांपैकी एक. आपण ह्या वर्गणीतून त्यात आठाच्या जागी सोळा जीबी घातली असती आणि पुन्हा तीच वेळ आली असती, तर ते वर्तुळ तसेच फिरत राहिले असते.

खरेदीविषयी थोडे. स्मृतिपट्ट्यांच्या पिढ्या असतात, डीडीआर तीन, चार, पाच अशा, आणि एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खाचेत बसत नाही. वेगवेगळ्या वेगांच्या दोन पट्ट्या शेजारी बसविल्या तर दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतात. बैलजोडी जुंपणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. शक्य तेथे एका मोठ्या पट्टीऐवजी दोन समान पट्ट्या घ्याव्यात, कारण मग ने-आण दोन वाटांनी होते. काही नव्या लॅपटॉपांत स्मृती मूळ फलकावरच डाखलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही; घरी नवा घेणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावे. शिवाय २०२५ च्या अखेरीस ह्या पट्ट्यांच्या किमती भराभर चढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना स्मृती लागते आणि कारखान्यांचा ओढा तिकडे आहे. सहाही यंत्रांना पट्ट्या घ्यावयाच्या तर आपली रक्कम तेथेच संपते.

प्रणालीचा प्रश्नही टाळता येणार नाही. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. विंडोज ११ ला कागदोपत्री चार जीबी स्मृती पुरते. परंतु इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत, आणि आपली सहाही यंत्रे त्या आधीची आहेत. तेथे स्मृती बत्तीस जीबी केली तरी दार उघडत नाही. मुलांच्या कामापुरती लिनक्सची एखादी हलकी प्रणाली पुरेशी आहे. ती विनामूल्य मिळते, तिला स्मृतीही कमी लागते, आणि देवनागरी व कन्नड दोन्ही लिप्या तिच्यात चालतात. ती बसविण्याचे माझ्या तरुण मित्राने मान्य केले आहे. मात्र अर्जांची सर्व संकेतस्थळे तिच्यावर नीट उघडतात ना, हे एकदा पडताळून पाहिल्याशिवाय सहाही यंत्रे तिकडे वळवू नयेत असे मी त्याला सांगितले आहे.

तेव्हा माझी सूचना अशी, की पहिल्या दोन यंत्रांसाठी प्रत्येकी चार जीबीची आणखी एक, आहे तिच्याच जातीची पट्टी घ्यावी. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या यंत्रांत एसएसडी बसवावी. २५६ जीबीची पुरे, कारण तेथे कोणी चित्रपट साठवीत नाही. सहाव्यावर केवळ चौसष्ट बिटांची प्रणाली चढवावी. ह्यातून काही रक्कम उरते. ती पुढील महिन्यांच्या जाळ्याच्या शुल्कासाठी राखावी, कारण साखळीतील ती शेवटची कडी आम्ही अद्याप तपासलेली नाही, आणि संध्याकाळी सातनंतर ती अरुंद होते अशी मुलांची तक्रार आहे. चौथ्या यंत्राचे काम आधी व्हावे. शिष्यवृत्तीच्या अर्जांची नवी मुदत जाहीर झाली, की ती मुलगी त्याच जागी येऊन बसणार आहे. दुसरी जागा तिला दाखविली होती, पण तिला तीच आवडते.